मैनाचा नंबर

माझ्या बायकोचं, मैनाचं सुतक फिटलंही नव्हतं, तेव्हाच पाणीखात्याची माणसं व्हॉल्व्ह बंद करायला आली.

वडखळच्या रस्त्याला लागून धरणाची मोठी पाइपलाइन जाते. पाणी शहराला आणि कंपन्यांना जातं. आमचं गाव खाडीकाठी. विहिरी खारट, नळाला पाणी आलं तर आलं. पण पाइपाचा एक व्हॉल्व्ह गळतो, त्यावर आमचं गाव जगतं. बाया रस्त्याकडेला हंड्यांची रांग लावतात. हंडा ठेवला की नंबर लागला. बाई घरी गेली तरी मागची तिचा हंडा पुढे सरकवते. त्याच रांगेत मैनाला ट्रेलरने उडवलं.

ते धरण झालं तेव्हा तिच्या बापाची भातजमीन बुडाली. तेच पाणी मिळवायला ती रस्त्यावर उभी राहत होती. हे मला कोणीतरी समजावून सांगावं.

सुतकात घरच्यांनी पाण्यावर जायचं नाही, शेजाऱ्यांनी पाणी भरून द्यायचं, ही आमच्याकडची रीत. शेजारची धोंडुबाई रोज मैनाचा हंडा रांगेत लावायची. त्या दिवशी ती रिकामा हंडा घेऊनच धावत आली.

"गळती बंद करतान ते! वर सांगतान, तुमीच मागितलंत."

खरं होतं. अपघातानंतर गावाने रस्ता अडवला, तेव्हा माझा पुतण्या विशाल रडत ओरडला होता, "या व्हॉल्व्हनी माझी काकी खाल्ली, बंद करा तो!" साहेबांनी तेवढंच ऐकलं. नळाला पाणी द्या म्हणून गाव इतकी वर्षं ओरडतंय, ते कधी ऐकू आलं नाही.

मी उठलो. मैनाचा भाऊ काळुराम सुतकाला आला होता, तोही निघाला.

आम्ही पोचलो तेव्हा फिटर पान्याने नट आवळत होता. धार बारीक होत होत थांबली.

तरुण इंजिनिअर म्हणाला, "काका, काकूंसाठीच करतोय. पुन्हा कोणाचा जीव जायला नको."

"आदी नळाला पाणी दे, मंग बंद कर."

"ते माझ्या हातात नाही. सगळ्या खोऱ्याचं नियोजन असतं. तुमचा वाटा पुढच्या टप्प्यात आहे."

"माझी बायको कुठच्या टप्प्यात व्हती रं?"

तो फिटरकडे वळला. धोंडुबाईने त्याला सोडलं नाही. "याला आपल्या विहिरीचा चहा पाजा गो. डाळीत मीठ टाकायला नको, इतकं ग्वाड पानी हाय."

एक-दोघी हसल्या. मला हसू आलं नाही.

काळुराम पाइपाकडे बघत होता. "जमीन मागाया आलात तवा बोललात, सगल्या खोऱ्याची तहान भागंल. वर धरनाकाठी आमच्याकडं टँकर येतो, हितं खाली बहीन मेली. मंग पितो कोन?"

त्याने फिटरच्या हातातला पाना घेतला. फिटर जोह्याचा, आमच्यासारख्याच खारट विहिरींच्या गावचा होता. त्याने पाना घट्ट धरला नाही.

"हा गुन्हा आहे!" इंजिनिअर ओरडला.

"माजं नाव लिव. बापाचं पन लिव, त्याचं शेत हाय त्या धरनाखाली."

नट सैल झाला. धार उसळली, साहेबाचे बूट भिजले. तो पोलिसांना फोन लावू लागला. बायांनी हंडे सरकवले. धोंडुबाई मैनाचा हंडा रांगेत ठेवायला गेली, तो मी तिच्याकडून घेतला.

"अरं, तुजं सुतक हाय!"

"नंबर मैनाचा हाय. मी उभा ऱ्हातो."

"काका, बाजूला व्हा. पोलीस येतायत," इंजिनिअर म्हणाला.

"येऊ देत. त्यांना सांग, रांगेत मागं उभं ऱ्हावा."

जीप आली तेव्हा माझ्या पुढे अजून हंडे होते. मी जागा सोडली नाही.