मागचा काटा

मुलचेऱ्याहून निघताना दोन्ही काटे आठवर होते. एक पुढच्या ब्रेकच्या हवेचा, दुसरा मागच्या ब्रेकच्या. जंगलातल्या नाक्यावर ड्रायव्हर झिंगूने इंजिन बंद करून पाच मिनिटं वाट पाहिली. पुढचा काटा जागचा हलला नाही. मागचा सहावर आला.

तीन दिवसांपासून हेच चाललं होतं, आणि तेही कधीमधीच.

गाडी म्हणजे चाकांवरचं घर होतं. जुन्या बसच्या सीटा काढून त्यात चार बर्थ, स्वयंपाकाचा ओटा, फ्रीज आणि रक्त तपासायचं टेबल बसवलं होतं. सिकलसेल हा रक्ताचा आजार तपासणारं पथक महिन्यातले वीस दिवस त्यातच राहायचं. आज ज्या गावात जायचं होतं, तिथले लोक तेंदूपत्ता तोडून अकराला परतणार होते. दुपारी पानांचे पुडे बांधायला बसले की कोणी तपासणीला येणार नव्हतं. आणि गावाच्या अलीकडे दीड किलोमीटरचा उतार होता, खाली नाल्यावर बिनकठड्याचं वळण.

"चाला ना, झिंगूभाऊ," पथकप्रमुख लोकेश म्हणाला. "ब्रेक लागून राह्यला ना?"

"लागते. पण हवा कुठी जाते ते समजत नाई मले."

"काल पाह्यलं, परवा पाह्यलं. काई सापडलं का?"

"सगळे खाली उतरा," झिंगू म्हणाला. "बोलू नका कोणी. मले आवाज आयकाचा आहे."

तो साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन गाडीखाली शिरला. मागच्या चाकांजवळचे ब्रेकचे डबे, नळ्या, सांधे, सगळीकडे त्याने फेस लावला. कुठंही बुडबुडा फुगला नाही. जमीन तापू लागली होती, पाठीला खडे टोचत होते. वर येऊन पाहिलं तर काटा तसाच, सहावर. एक रेघही उतरला नव्हता.

"पाह्यलं?" लोकेश म्हणाला. मग आवाज खाली आणून, "राग नका मानू, भाऊ. घुग्घुसचं तुमच्या मनातून गेलं नाई."

झिंगूने ब्रश खाली ठेवला. सहा वर्षांपूर्वी घुग्घुसला त्याचा कोळशाचा टिप्पर उतारावर थांबला नव्हता. त्याने तो मातीच्या ढिगाऱ्यात घातला. शेजारी बसलेल्या सोबत्याचा पाय गुडघ्यातून गेला. त्या दिवशीही काटा खाली होता, आणि झिंगूनेच म्हटलं होतं, जाऊ दे, चालते.

"मनातलं असन तर काटा काऊन पडते?" तो म्हणाला. पण स्वतःच्याच बोलण्यावर त्याचा भरवसा बसेना. तो गाडीभोवती दोनदा फिरला. परत आत जाऊन इंजिन सुरू केलं, हवा आठवर नेली, इंजिन बंद केलं. काटा स्थिर. दहा मिनिटं स्थिर. फोन वाजला, गावातून विचारत होते कुठपर्यंत आलात. लोकेश घड्याळ पाहत येरझारा घालू लागला.

तेवढ्यात तपासणी करणारी नंदिनी उन्हाला कंटाळून आत आली आणि मागच्या बर्थवर टेकली.

काटा सरकला.

झिंगू ताठ झाला. "बाई, उठा."

"काऊन? काय झालं?"

"उठा म्हणतो ना."

ती उठली. काटा थांबला.

"आता बसा."

काटा पुन्हा खाली. झिंगूने जाऊन बर्थची फळी उचलली. खाली औषधांची पेटी होती, पेटीखाली प्लास्टिकची हवेची नळी, आणि नळीला चीर. माणूस बसलं की पेटी नळीवर दबायची आणि चीर उघडायची. शांततेसाठी त्याने सगळ्यांना उतरवलं होतं, म्हणूनच काही सापडत नव्हतं.

पण तो हलला नाही. ती नळी त्याच्या ओळखीची होती.

"सापडलं ना?" लोकेश आत डोकावला. "कोण्या मिस्त्रीनं टाकली ही इथून?"

नंदिनीने दाराच्या पायरीकडे पाहिलं. तीन महिन्यांपूर्वी एक म्हातारी दारातून चढताना घसरली होती. त्यानंतर झिंगूने सुट्टीच्या दिवशी हवेच्या दाबावर खाली सरकणारी पायरी बसवली. सगळ्यांनी कौतुक केलं, संस्थेच्या अहवालात फोटोही आला.

"मीच टाकली," झिंगू म्हणाला. "पायरीची हवा मागच्या ब्रेकच्या टाकीतून घेतली. जवळ पडत होती. तिथून घ्याची नसते, मले मालूम होतं."

लोकेश त्याच्याकडे बघत राहिला. "हे लिवून द्यावं लागन वर."

"लिवा. आणि मघाशी तुमचं आयकून तसाच उतारावर गेलो असतो, तेही लिवा."

लोकेशची नजर खाली गेली.

झिंगूने टाकीतली हवा सोडली, पायरीची नळी उपटून काढली आणि पितळी बुचाला टेप गुंडाळून ते टाकीच्या तोंडात आवळलं. मग इंजिन चालवून हवा भरली, इंजिन बंद केलं आणि सगळ्यांना बर्थवर बसवलं. पंधरा मिनिटं तो काट्यासमोर उभा राहिला. काटा आठवर राहिला. तरी त्याने आणखी पाच मिनिटं घेतली, आणि लोकेशने घड्याळ पाहिलं नाही.

उतार त्याने दुसऱ्या गिअरमध्ये उतरला. वळणावर त्याने ब्रेक दाबला. गाडी थांबली, जिथं थांबायला हवी तिथंच. नाला ओलांडल्यावरही त्याची नजर दर क्षणाला काट्यावर जात होती.

गावात पोचेपर्यंत साडेबारा झाले होते. निम्मे लोक पुडे बांधायला बसले होते, चाळीसेक उरले होते. पायरी आता खाली सरकत नव्हती; झिंगू इंजिन बंद करून दारापाशी उभा राहिला आणि चढणाऱ्या प्रत्येकाला हात देऊ लागला.