बाबा, आधी झाकण लाव

माझ्या अंगावर तीन बटणे आहेत. त्यांतले लाल बटण झिजून गुळगुळीत झाले आहे. त्यावरूनच ओळखा मित्रांनो, मी एक जुना, भरपूर राबलेला रेकॉर्डर आहे.

एका लांबलचक टेबलाशी बसलेल्या बायकांनी माझे भाग जोडले. शेवटच्या बाईने मला तोंडाशी धरून "एक, दोन, तीन" म्हटले, ते परत ऐकले आणि मला खोक्यात घातले. तो माझ्या पोटात गेलेला पहिला आवाज.

मला विकत घेणारे गृहस्थ दोन कामे करत. दिवसा ते जेवणाच्या टेबलाच्या एका कोपऱ्यावर बसून व्हिडिओ गेम बनवत आणि संध्याकाळी मंचावर एकटे उभे राहून लोकांना हसवत. मी त्यांच्या शर्टाच्या खिशात असे. प्रत्येक कार्यक्रम मी भरून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी तो कानाला लावून ऐकायचा. लोक हसले तिथे वहीत टिंब, गप्प राहिले तिथे फुली. एकदा सलग अकरा फुल्या पडल्या.

"काल किती जण हसले?" मालकांच्या बायकोने विचारले. त्या चष्म्याच्या दुकानात काम करत.

"दोन."

"त्यातला एक खोकला असेल, नीट ऐक."

गेमसाठी लागणारे आवाजही मीच गोळा करत असे. दाराची कडी, पंपाची घरघर. बादलीत सोडलेले पाणी तर गेममध्ये मोठा धबधबा झाले होते!

मालकांना सहा वर्षांची मुलगी होती. तिची बडबड थांबत नसे, म्हणून घरात तिला भुंगा म्हणत. एके सकाळी न्हाणीघरात मी नळाचा आवाज भरून घेत होतो. भुंगा आंघोळीला उभी होती. मोरीच्या भोकात गरगरत जाणारे पाणी पाहून ती घाबरली आणि किंचाळली, "बाबा, आधी झाकण लाव ना! मी पण जाईन!"

ते माझ्या पोटात गेले.

त्याच आठवड्यात मालकांनी हा प्रसंग मंचावर हुबेहूब करून दाखवला. वहीत टिंबांना जागा पुरेना. मग त्यांनी त्यावर एक गेमच बनवला. पाइपात पडलेली एक मुलगी बाहेरची वाट शोधते आणि खेळणारा चुकला की भुंग्याच्याच आवाजात ओरडते, "बाबा, आधी झाकण लाव ना!" असे एक्केचाळीस ठिकाणी. एका मोठ्या प्रदर्शनासाठी त्या गेमची निवड झाली. "आवाज किती स्वच्छ आलाय!" असे जो तो म्हणे. मीही फुगून गेलो. जिचा आवाज होता तिला कुणी विचारले नव्हते, हे माझ्याही ध्यानात आले नाही.

पुढे कुणीतरी मंचावरच्या त्या प्रसंगाचे चित्रीकरण मोबाइलवर पसरवले आणि ते भुंग्याच्या शाळेत पोहोचले. नळावर पाणी प्यायला गेली की मुले तिच्यामागे ओरडत, "झाकण लाव, झाकण लाव!" घरी तिने कुणाला सांगितले नाही. फक्त मी दिसलो की ती गप्प बसू लागली. मग एक दिवस तिने मला लोकरीच्या मोज्यात कोंबले आणि कपाटात तळाशी लपवले. तीन दिवस मी तिथे होतो. मालकांनी सगळे घर पालथे घातले.

कपडे आवरताना तिच्या आईला मी सापडलो.

"भुंग्या, हा इथे कसा गं?" मालकांनी विचारले.

"तो ऐकतो. मग तू सगळ्यांना सांगतोस. मग मुलं ओरडतात."

"अगं, लोकांना आवडतं ते. कुणी वाईट मनाने नाही हसत."

"शाळेत तू नसतोस."

"घरातही बोलायची चोरी झालीय पोरीला," आई म्हणाली. "मला वाटत होतं, दात पडतायत म्हणून बोलत नाही."

भुंगा म्हणाली, "गेममधून मला काढ."

प्रदर्शनाला आठ दिवस उरले होते.

"एवढं एक प्रदर्शन होऊ दे?"

"नाही."

हजार माणसांसमोर न अडखळणारे मालक अडखळत "बरं" म्हणाले. मग टेबलाशी बसले आणि एक्केचाळीस ठिकाणचा आवाज एकेक करून काढू लागले. हे कळताच प्रदर्शन भरवणाऱ्या बाईंचा फोन आला. "अहो, तोच तर जीव होता गेमचा!"

"हो ना," मालक म्हणाले, "पण आवाजाची मालकीण नाही म्हणते."

रिकाम्या जागी घालायला त्यांनी स्वतःचाच आवाज बारीक करून भरला. तो तहानलेल्या बेडकासारखा आला. दाराआडून भुंगा खुदकन हसली.

"असं नाही म्हणत काही!"

"मग कसं म्हणतात?"

"नाही सांगणार. तुझं तू शोध."

बेडकाच्या आवाजातला तो गेम प्रदर्शनात गेला. बक्षीस मिळाले नाही. पुढे मंचावर मालक आपल्या त्या बेडकाची फजिती सांगू लागले, पण भुंग्याला विचारून. "तुझंच आहे ते, सांग," ती म्हणाली.

आता आवाज मोबाइलमध्येच भरले जातात. मी टेबलाच्या खणात असतो. परवा भुंग्याने मला बाहेर काढले, धूळ पुसली आणि बाबांसमोर उभी राहिली.

"बाबा, तुझं घोरणं भरून घेऊ?"

"कुणाला ऐकवणार?"

"वर्गात सगळ्यांना."

मालकांनी विचार केला. "मग नको."

"बरं," ती म्हणाली.

मित्रांनो, तुमच्याही हातात माझी धाकटी भावंडे असतीलच. त्यांना धुळीपासून जपा, पाण्यापासून जपा. आणि बटण दाबण्याआधी समोरच्याला विचारा, त्याचे उत्तर येईपर्यंत थांबा. त्या दिवशी भुंग्याने लाल बटणावरचे बोट उचलले आणि मला पुन्हा खणात ठेवले. दुपारी मालक सोफ्यावर झोपले आणि मस्त घोरले. मी सगळे ऐकले, पण माझ्या पोटात त्यातले काहीही नाही.