पाणी कुठल्या जिल्ह्याचं

माझा स्वभाव संशयी आहे, मान्य. पण पहाटे पहाटे एखादा माणूस गुपचूप माझ्या दारासमोर मातीच्या पाट्या ओतत असेल, तर काय त्याला हार घालायचे?

तो माणूस म्हणजे माझा दीर. धंद्याने गवंडी, राहायला भिंतीपलीकडच्या दोन खोल्यांत.

आमचं घर टेकडीच्या ऐन माथ्यावर. दोन जिल्ह्यांची हद्द कायद्यात अशी लिहिलीय: मोठ्या खडकापासून, जिथे पावसाचं पाणी दोन बाजूंना फुटतं त्या रेषेने, खाली ओढ्याच्या मध्यापर्यंत. आम्हाला सगळे आजवर पश्चिमेच्या जिल्ह्यात धरायचे. यंदा पूर्वेच्या जिल्ह्याने घर आपलं म्हणून सांगितलं. मग ठरलं की सर्वेअरने येऊन दारासमोरचा उतार बघायचा. पाणी जिकडे जाईल तिकडचं घर. आमच्या अंगणात पाणी नुसतं तुंबतं, त्यामुळे ते कोणाचं हे आम्हालाही ठाऊक नव्हतं.

मी पश्चिमेच्या सरकारी दवाखान्यात नऊ वर्षं हंगामी नर्स. कायम होणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव माझं. अट एकच, राहणं त्याच जिल्ह्यात हवं. आणि दुसरं नाव कोणाचं? माझ्या जावेच्या सख्ख्या बहिणीचं. आता बोला!

दीर तीन दिवस माती टाकत होता, धुम्मसाने ठोकून ती बसवत होता, पाण्याची नळी धरून लेव्हल बघत होता. जाऊबाई तर एकदम गोड झाल्या, झोप लागली का म्हणून विचारायला लागल्या. आमच्या ह्यांना म्हटलं, तुमच्या भावाचं काय चाललंय? असेल काहीतरी काम, म्हणाले आणि चपलेचा अंगठा बघत बसले. तेव्हाच ओळखलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

मी कोणाला न सांगता सर्वेअरचं ऑफिस गाठलं. त्याने नियम वाचून दाखवला. हद्द मूळ जमिनीवरून ठरते, माणसाने टाकलेला भराव धरायचा नाही. मला तर त्याचे पाय धरावेसे वाटले. तिथेच बसून लेखी तक्रार दिली.

मोजणीच्या दिवशी सर्वेअरने तक्रार काढली आणि दिराला, ज्याने टाकली त्यानेच काढायची म्हणून, माती उपसायला लावली. दीर मुकाट्याने फावडं मारत होता. मी कमरेवर हात ठेवून बघत होते, आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं.

खालची जुनी जमीन लागली. सर्वेअरने यंत्राने उतार बघितला, मग आम्हाला पटावं म्हणून बादलीभर पाणी ओतलं. पाणी जरा थबकलं आणि सावकाश पूर्वेकडे निघालं.

मला आधी कळेचना. मग दिराकडे वळून म्हटलं, "झालं ना भावोजी मनासारखं? कळवा आता मेहुणीला."

तो खाली बघून फावड्याची माती खरवडायला लागला. आमचे हे जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "अगं, त्याने नळी लावून आधीच बघितलं होतं, पाणी पूर्वेला जातंय. म्हणून तर त्या बाजूने भराव घातला. तुझ्यासाठी."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, म्हणून मीच नको म्हटलं."

भराव कुठल्या बाजूला घातलाय, हे बघायचं मला सुचलंच नव्हतं. कोण घालतंय, एवढंच बघितलं होतं मी. जाऊ तिच्या दारात उभी होती, डोळ्याला पदर लावून. तिला सगळं माहीत होतं, बहिणीचं नाव मागे राहणार हेसुद्धा. मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

सर्वेअर कागद घेऊन आला. मोठा सज्जन माणूस, हसून म्हणाला, "ताई, तुमची तक्रार शंभर टक्के खरी निघाली. इथे सही करा."

मी सही केली.