आडवा स्वार

जत्रेतली घोड्यांची शर्यत म्हटलं की मला शिसारी येते. शहाऐंशीच्या चैत्रात मात्र मी ढोकीच्या अलीकडच्या एका गावात, दंडाला तांबड्या फुलीची पट्टी बांधून, मैदानाच्या कडेला मिरवत उभा होतो.

मी पिराजी, तिथल्या सरकारी दवाखान्यात मलमपट्टी करणारा ड्रेसर. शर्यतीला परवानगी देताना तहसीलीतून अटी आल्या होत्या : डॉक्टर हवा, स्ट्रेचर हवं, जखमीसाठी गाडी हवी. जत्रा कमिटीनं सगळं कागदावर पुरवलं. डॉक्टरच्या जागी माझं नाव घातलं. गाडी म्हणून सोसायटीची जीप दाखवली आणि ती पाहुण्यांना आणायला पाठवून दिली. स्ट्रेचर शोधत मांडवामागं गेलो, तर आचारी त्यावरून बुंदीच्या पराती वाहत होते. मी ते काढून घेतलं आणि धुवायला पाणी मागितलं. पाणी नव्हतं. गावात चार दिवसांआड टँकर यायचा, आणि त्या दिवशीचा टँकर धूळ बसावी म्हणून शर्यतीच्या वाटेवर ओतला होता. बायका रिकाम्या घागरी घेऊन ते बघत उभ्या होत्या.

घोड्यांसाठी मात्र खरा डॉक्टर होता. सोसायटीचे चेअरमन बलभीमराव यांनी आपल्या पांढऱ्या घोड्यासाठी त्यांना जिल्ह्याहून बोलावलं होतं. त्या घोड्यावर बसणार होता त्यांचाच सालगडी लिंबाजी. खोगीर नाही, डोक्याला नुसता फेटा.

दुसऱ्या फेरीला वळणावर, टँकरनं जिथं चिखल करून ठेवला होता तिथंच घोडा घसरला. लिंबाजी डोक्यावर आपटला आणि घोडा त्याच्या पलीकडं कोसळला.

मी धावलो. लिंबाजी शुद्धीत होता. मी गुडघे टेकून दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरलं आणि पायाची बोटं हलवायला सांगितली. त्यानं हलवली. माझ्या जिवात जीव आला. प्रशिक्षणात आमच्याकडून हे घोकून घेतलं होतं : असा माणूस उठवायचा नाही, मान हलू द्यायची नाही, सरळच्या सरळ फळीवर घ्यायचा. स्ट्रेचर कापडी, माणूस घेतला की झोळीसारखं खचणारं; म्हणून मी दोघांना शाळेच्या दाराची फळी आणायला पिटाळलं.

दहा हातांवर घोडा पडला होता. एकेक पाय चाचपून झाल्याशिवाय त्याला उठवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. कुणी हूं की चूं केलं नाही. गर्दी आपणहून मागं सरली. चेअरमन स्वतः घोड्यावर छत्री धरून उभे राहिले.

मग ते आमच्याकडं वळले. पडलेल्या स्वारानं आपल्या पायावर उभं राहून देवळाच्या कळसाला हात जोडायचे, असा त्या गावचा रिवाज. स्वार आडवा बाहेर गेला तर त्या साली पाऊस पडत नाही म्हणे. मी सांगितलं, याची मान मोडली असेल, उभा केला तर जन्माचा लुळा होईल. डॉक्टरांना विचारा, असंही म्हणालो. डॉक्टरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"पिराजी, तुमा लोकांला देव न्हाय, आमाला हाय," चेअरमन म्हणाले. "पाऊस समद्यांलाच लागतो. हात काढ."

मी हात काढले. कुणी माझं मनगट धरलं नव्हतं, कुणी धक्काही दिला नव्हता. उद्या याच गावात राहायचंय, एवढं मनात आलं आणि मी हात काढले.

चौघांनी त्याला काखेत हात घालून उभा केला. त्याचं डोकं छातीवर पडलं. एकानं त्याचे हात जोडून धरले, लोकांनी भंडारा उधळला, टाळ्या वाजल्या. फळी आली तेव्हा मी त्याला पुन्हा बोटं हलवायला सांगितलं. तो माझ्याकडं नुसता बघत राहिला. बोटं हलली नाहीत.

लिंबाजीला उसाच्या ट्रॉलीतून जिल्ह्याला नेलं. घोडा आपल्या पायांनी गोठ्यात गेला.

आषाढ लागला तरी पावसाचा पत्ता नव्हता. लिंबाजीला घरी आणून टाकलं होतं. पडून पडून त्याच्या पाठीला जखमा झाल्या होत्या, त्यांची पट्टी बदलायला मी जायचो. त्याची बायको धुरपदाबाई त्याला कुशीवर वळवायची. खोलीत असा वास असायचा की मी तोंडानं श्वास घ्यायचो, आणि तो घेताना माझीच मला किळस यायची.

एकदा पट्टी बांधताना लिंबाजी भिंतीकडं तोंड करून बोलला, "भाऊ, तुमी डोस्कं धरलं व्हतं तवर पाय माजं व्हतं."

माझे हात थांबले.

"त्यास्नी काय ठावं न्हाय व्हय?" धुरपदाबाई त्याला म्हणाली, आणि माझ्याकडं वळली. "तुमाला चौघांनी वढून काढलं असंल, भाऊ. न्हायतर तुमी सोडलं नसतं."

"व्हय," मी म्हणालो. "वढून काढलं."

तिनं चहा केला. तो पिऊन मी घरी आलो.