तिसरी ओळ

नवगावकरांच्या घरात देवाचं खातं सिपोराबाईंकडे होतं आणि शंकेचं दानियलसरांकडे. अलिबागच्या कॉलेजात सरांनी हयातभर ग्रीक तत्त्वज्ञान आणि तर्कशास्त्र शिकवलं. कॉलेज सुटलं, पण शिकवणं काही सुटलं नाही. आमटीत मीठ कमी आहे म्हटलं तरी पुरावा मागणारा माणूस. हनुक्काचे, म्हणजे ग्रीकांकडून मंदिर परत मिळवल्याच्या सणाचे, दिवे लावताना सिपोराबाई दरवर्षी म्हणायच्या, "आपल्या लोकांनी सगळ्या ग्रीकांना मंदिरातून हाकललं, एक तेवढा माझ्या आरामखुर्चीत राहिला." सरांना हा टोमणा मनापासून आवडायचा.

हे बेने इस्राएल, कोकणातले यहुदी. यांची गोष्टच मुळी फुटलेल्या गलबतापासून सुरू होते. पूर्वज म्हणे नवगावच्या किनाऱ्याला वाहून आले. बरोबरचे ग्रंथ समुद्राने गिळले आणि ओठांवर फक्त शेमा उरली, देव एक आहे एवढंच सांगणारी प्रार्थना. तिच्यामुळेच ते वाचले, असं सिपोराबाईंचं ठाम मत. सर म्हणत, "वाचले त्यांनी गोष्ट सांगितली. बुडाले तेही शेमा म्हणतच बुडाले असतील, त्यांना कोण विचारतो?" यावर सिपोराबाई आत निघून जात, आणि आपण जिंकलो असं सर धरून चालत.

एकुलती एक मुलगी याएल मुंबईला नोकरीला. दर शुक्रवारी ती भाऊच्या धक्क्यावरून शेवटच्या लाँचने रेवस बंदरात यायची. घर बंदराच्या वरच्या अंगाला, हाकेच्या अंतरावर. ती आली की सूर्य मावळायच्या आत सिपोराबाई शब्बाथचा दिवा लावायच्या; तिथून शनिवारी रात्रीपर्यंत विश्रांती, कुठल्या कामाला हात लावायचा नाही.

त्या शुक्रवारी, ऑक्टोबरात, धक्क्यावरून तिचा फोन आला.

"पप्पा, आभाळ फार भरून आलंय. लाँच सोडून रस्त्याने येऊ का?"

सर चहा पीत होते. "रस्त्याने आलीस तर रात्र होईल, आईचा दिवा चुकेल आणि ती दोन दिवस तोंड फुगवून बसेल. अगं, इतकी वर्षं ही लाँच येते-जाते आहे. ढगांना बघून बुडाली का कधी? भीती म्हणजे पुरावा नव्हे."

"बरं," याएल म्हणाली. बापाच्या बोलण्यावर ती नेहमीच 'बरं' म्हणायची.

तासाभरात वारा सुटला. परतीचा पाऊस जाता जाता असा चेकाळतो. अंगणातला पत्रा उडून कुंपणाला अडकला, आणि तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. आता ती ओरडून बोलत होती. "पप्पा, इंजिन बंद पडलंय. लाँच खूप हलतेय. आईला सांगू नका." मागे कुणीतरी रडत होतं. मग फोन तुटला.

सर तसेच, अनवाणी, बंदराकडे धावले. वाटेत तीनदा फोन लावला. पहिल्या दोन वेळा नुसता वाजत राहिला. तिसऱ्यांदा, ढगांमागे सूर्य बुडून दिवस काळवंडला होता तेव्हा, फोनमधली बाई गोड आवाजात म्हणाली की हा नंबर बंद आहे.

बंद. पाण्यात पडलेला फोन बंदच होतो.

तिकिटांच्या शेडमध्ये अंबाजी कंदिलासारखा टॉर्च धरून उभा होता. लाँचची तिकिटं फाडण्यात त्याचा जन्म गेलेला. "बोडणीच्या कोळ्यांच्या दोन बोटी शोधाया गेल्यात, सर," तो म्हणाला. "पन वारा लय हाय. समोरचा कायच दिसत न्हाय."

सर जेटीच्या टोकाला जाऊन उभे राहिले. समोर समुद्र नव्हताच, नुसता काळा आवाज होता. वीज चमकली की क्षणभर लाटांच्या पाठी दिसत आणि पुन्हा सगळं मिटून जाई. काल आंबा गोड निघाला म्हणून आजचाही गोडच निघेल, हे अनुमान कच्चं आहे, असं सरांनी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून दाखवलं होतं. तेच कच्चं अनुमान त्यांनी चहाचा घोट घेता घेता पोटच्या पोरीच्या हातात दिलं होतं. ती घाबरली होती, आणि तिची भीतीच खरी ठरली होती.

तर्कशास्त्राच्या पहिल्या तासाला ते तीन ओळी लिहीत. आज त्या आपोआप डोळ्यांपुढे आल्या. सर्व माणसं मर्त्य आहेत. याएल माणूस आहे. तिसरी ओळ त्यांनी मनाला लिहू दिली नाही. डोकं गच्च दाबून धरलं, तरी खडू फळ्यावर टेकलेलाच होता.

"सर, मागे व्हा," अंबाजी म्हणाला. पायऱ्यांशी काहीतरी नारिंगी आपटत होतं. त्याने बांबूने ओढून वर घेतलं. लाइफ जॅकेट होतं, रिकामं. एक पट्टा तुटलेला.

"लाँचवरचाच हाय," अंबाजी म्हणाला. सरांनी ते जॅकेट हातात घेतलं. ते कुणी घातलं होतं की नुसतंच वाहून गेलं होतं, हे त्यावरून ठरवता येत नव्हतं. तरी ते घेऊन सर ओल्या दगडावर खाली बसले.

सिपोराबाई आल्या तेव्हा अंधार दाट झाला होता. डोक्यावर पदर, हाताला तेलाचा वास. दिवा लावून आल्या होत्या.

"तुला कुणी सांगितलं?"

"सगळं गाव बोलतंय."

"तिचा फोन बंद आहे," सर म्हणाले. हे वाक्य बायकोला सांगताना त्यांचा आवाज फुटला.

"असणारच. शब्बाथ लागला ना. बंद करते ती."

"कोण?"

"याएल. दोन वर्षं झाली. सूर्य मावळला की फोन बंद, तो शनिवारी रात्री सुरू."

"माझ्या घरात राहून? मला कसं दिसलं नाही?"

"ती पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसते. तुम्हाला वाटतं, पोरगी वाचतेय."

सर बायकोकडे बघत राहिले. ही खरं बोलते आहे का? सिपोराबाई खोटं बोलल्याचं त्यांना आठवत नव्हतं. पण वादळात जेटीवर उभी असलेली आई काय वाटेल ते बोलू शकते. याएल त्यांची मुलगी होती. लहानपणी तिने विचारलं होतं की देवाने अंधार केला तेव्हा तो कुठे उभा होता, आणि सरांनी अभिमानाने तो प्रश्न सगळ्या स्टाफरूमला ऐकवला होता. ती अशी हातची जाईल?

पण फोन बंद असण्याची कारणं दोनच होती, पाणी किंवा श्रद्धा. पोरगी जिवंत हवी असेल, तर ती त्यांच्या हातून केव्हाच सुटलेली असायला हवी होती. आयुष्यात पहिल्यांदा सरांना आपण साफ चुकलेलं असावं असं वाटलं, आणि तसं वाटण्याचीसुद्धा भीती वाटली. नुसतं हवं असतं म्हणून काही खरं होत नाही, हेही त्यांनीच शिकवलं होतं.

सिपोराबाईंचे ओठ हलत होते.

"आता मागून काय उपयोग?" सर म्हणाले. "जे व्हायचं ते तिकडे होऊन गेलंय."

"माझे वडील सांगायचे, घडून गेलेलं बदल म्हणून देवाकडे मागू नये. ती फुकट गेलेली प्रार्थना. मी तसलं काही मागत नाहीये."

"मग काय करतेस?"

"ती तिकडे शेमा म्हणत असेल. मी इकडे तिच्याबरोबर म्हणतेय. एकटी नको पडायला."

बुडाले तेही शेमा म्हणतच बुडाले असतील. आपलंच वाक्य सरांच्या कानात आलं. किती मजेत म्हणायचो आपण, दरवर्षी, जेवताना. त्यांनी जॅकेट छातीशी घट्ट धरलं.

"दिवा हाय," अंबाजी म्हणाला.

लांब एक ठिपका वर-खाली होत होता. बोडणीची बोट होती आणि तिच्यामागे दोराला बांधलेली काळी, आंधळी लाँच. जेटीला लागायला तिने जीव खाल्ला. माणसं एकेक करून वर येऊ लागली. भिजलेली बाई, तिचं मूल, उलट्या करून पिवळा पडलेला एक जाडा गृहस्थ. अंबाजी हात देऊन प्रत्येकाला ओढत होता आणि सर टॉर्चच्या उजेडात एकेक चेहरा बघत होते. ती नव्हती. पुढचीही ती नव्हती. लाँचवर आता फारशी माणसं दिसत नव्हती.

मग ती आली. म्हाताऱ्या बाईला आधार देत, सगळ्यांच्या शेवटी.

सिपोराबाईंनी तिला जवळ घेतलं. सरांनी तिचं मनगट धरलं आणि सोडलंच नाही. तोंडातून निघालं ते भलतंच. "फोन कुठाय तुझा?"

तिने पिशवीतून काढला. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला, कोरडा ठणठणीत, काळा.

"सूर्य मावळला तेव्हा बंद केला," ती हळू आवाजात म्हणाली. तिचे दात वाजत होते.

"इंजिन बंद पडल्यावर? त्या वेळी? मी इथे किती वेळा मेलो असेन, कळतं का तुला? जीव धोक्यात असताना फोन करायला तुमचा धर्मही नाही म्हणत नाही."

"माहीत आहे, पप्पा. धर्मासाठी नाही केला बंद." "खूप भीती वाटत होती. आम्ही बुडणार असंच वाटत होतं. मी शेमा म्हणत होते, तेवढंच होतं माझ्याकडे. तुमचा फोन दोनदा वाजला. उचलला असता तर तुम्ही समजावलं असतं. लाटांचं, लाँचचं, देवाचंसुद्धा. आणि मला पटलं असतं, मग शेमाही सुटली असती. तुमचं मला नेहमी पटतं."

तिघं चढ चढू लागली. वर घराच्या खिडकीत दिवा तेवत होता. तिच्या बोलण्यात दोन चुका होत्या, सरांना त्या लगेच दिसल्या, आणि दोन्ही एका वाक्यात दाखवून देता आल्या असत्या. त्यांनी तिचं मनगट तसंच धरून ठेवलं आणि तोंड घट्ट मिटून घेतलं. न जाणो, तिला पटलं असतं.