पंचांचा जबाब

मार्तंड मास्तरांनी टाक दौतीतून काढला आणि पहिला थेंब कागदाऐवजी धोतरावर पडला.

"लिव्हा की मास्तर, जल्दी करा," रामराव म्हणाला.

रामराव हा देशमुखांचा कारभारी. शाळेमागची दोन एकर जमीन सरकारने शाळेसाठी राखून ठेवली होती आणि तिच्यावर देशमुखांना जालन्यासारखी कापसाची जिनिंग उभारायची होती. पाच पंचांनी राजीखुशीने सोडतो म्हटले की उद्या तहसीलदार जमीन देऊन मोकळा होणार. पंचांनी माना डोलावल्या होत्या. न डोलावून सांगतात कुणाला? शेजारच्या गावात एकाने नाही म्हटले, तर त्याची कडब्याची गंजी त्याच आठवड्यात पेटली.

निजामाच्या राज्यात तहसिलीचा कागद उर्दूतच लागे. रामरावची मजल मोडीपर्यंत. मास्तरांनी लिहिले, की ही जमीन मुलांची आहे, आम्ही ती सोडत नाही. मग घसा खाकरून कागदावर नसलेलेच मोठ्याने वाचले, राजीखुशीने सोडतो. नकार आपला, अंगठे दुसऱ्यांचे, आणि उद्या गंज्या पेटतील त्याही दुसऱ्यांच्याच.

चार अंगठे उठले. पाचवा पंच पुंजाराम. त्याने कागद उचलून डोळ्यांशी धरला. त्याची नजर उजवीकडून डावीकडे सरकत होती, ओळ संपली की खालच्या ओळीवर येत होती. पुंजाराम नऊ वर्षे औरंगाबादच्या कचेरीत चपराशी होता, हे मास्तरांना आत्ता आठवले. त्यांनी टाक खाली ठेवला.

"काय पाहून राह्यला रे? तुला काय कळतंय त्यातलं?" रामराव हसला.

"मला काय कळतंय, कारभारी. पर एक राह्यलंय." पुंजारामने कागद मास्तरांपुढे ठेवला. "लिव्हणाराचं नाव न्हाई. खाली ते लागतंच ना, मास्तर?"

"बराबर," रामराव म्हणाला. "टाका नाव."

मास्तरांनी वर पाहिले. पुंजाराम त्यांच्याकडेच बघत होता. अजून दौत लवंडता आली असती, शाई सांडली म्हणून कागद नव्याने लिहिता आला असता. मास्तरांनी दौत जवळ ओढली आणि स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, गाव, सगळे पुरते लिहिले. अक्षर वेडेवाकडे आले.

मग पुंजारामने अंगठा शाईत बुडवला आणि त्या नावाशेजारी दाबून उठवला.