उजव्या बाजूचं गटार

शाळेच्या हॉलमध्ये नगरपालिकेच्या साहेबांनी टेबलावर नकाशा पसरला, तसे सगळे खुर्च्या सोडून त्यावर वाकले. ऑपरेटरबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. नकाशात काय आहे ते त्यांना आधीच कळलं होतं. गल्लीचा रस्ता काँक्रीटचा होणार, पावसाच्या पाण्यासाठी उजव्या बाजूने गटार जाणार, आणि त्या गटारापायी त्यांच्या दारासमोरच्या दगडी पायऱ्या जाणार.

बाईंची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांना एकमेकांशी जोडून देण्यात गेली, म्हणून गल्ली त्यांना ऑपरेटरबाई म्हणे. त्या निवृत्त झाल्या, मग मिस्टर गेले, मुलगी लग्न होऊन लांब गेली. उरल्या त्या पायऱ्या. बाजाराची पिशवी टेकवायला, नातवाला शाळेतून आणताना दम खायला, कोणी ना कोणी तिथे बसे. बाई खिडकीतून पाण्याचा तांब्या पुढे करत आणि गप्पांना तोंड फुटे. दिवसभरात त्यांचं बोलणं व्हायचं ते तेवढंच. मुलीचा फोन येई, पण तिच्यामागे सदानकदा घाई. ‘बरं, ठेवते’ हे ती आधीपासूनच तोंडात धरून असायची.

हॉलमध्ये एकच गलका चालला होता. डॉक्टरांना गाडी आत कशी न्यायची याची काळजी, किराणा दुकानदाराला धंदा बसण्याची. हा दुकानदार आदल्या दिवशी मुद्दाम बाईंकडे येऊन गेला होता. तुम्ही हरकत घ्या, म्हणाला, एकट्या बाईमाणसाच्या दाराला हात लावायची कोणाची छाती होणार नाही; काम लांबलं की आपोआप बारगळेल. आपल्या खांद्यावर तो बंदूक ठेवतोय हे न कळण्याइतक्या बाई भोळ्या नव्हत्या. तरी हरकत घ्यायचीच, असं ठरवून त्या आल्या होत्या.

साहेबांनी विचारलं, उजव्या बाजूच्या कोणाला काही म्हणायचंय का? बाई उठल्या.

तेवढ्यात मागच्या रांगेत त्यांना समोरच्या घरातला शिंपी दिसला. त्याचं घर गल्लीत सगळ्यात सखल. पाऊस झाला की रस्त्याचं पाणी सरळ त्याच्या उंबऱ्यातून आत. बायको अंथरुणाला खिळलेली. गेल्या वर्षी पाणी खाटेला लागलं, तेव्हा त्याने तिला कापड बेतायच्या टेबलावर निजवलं होतं आणि स्वतः तिचा हात धरून गुडघाभर पाण्यात उभा राहिला होता. बाईंच्या पायऱ्यांवर तो कधी बसला नव्हता. त्याला तेवढी सवडच नव्हती. आताही तो मान खाली घालून शर्टाचं बटण फिरवत राहिला.

“गटार डाव्या बाजूने नाही का नेता येणार?” बाईंनी विचारलं.

डावीकडून पिण्याच्या पाण्याची मोठी लाइन गेली आहे, तिथे खोदता येत नाही, असं साहेब म्हणाले. वरून येणारं पाणी उजवीकडेच अडवलं तरच समोरची घरं वाचतील.

बाईंनी पुन्हा एकदा मागच्या रांगेकडे पाहिलं.

“मग काढा पायऱ्या,” त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या. दुकानदाराने कपाळाला हात लावला.

पायऱ्या निघायला एक सकाळसुद्धा लागली नाही. त्यांच्या जागी लोखंडी पायरी आली, जेमतेम एक पाऊल मावेल एवढी. रस्ता मात्र दृष्ट लागण्यासारखा झाला. रिक्षा आता थेट दारापर्यंत जाऊ लागल्या, मग पिशवी टेकवायची गरज कोणाला? लोक जाता जाता हात करत. बाई खिडकीतून हात हलवत, तोवर रिक्षा पुढे गेलेली असे.

मग एका दुपारी धो धो पाऊस झाला. उघडीप होताच शिंपी रस्ता ओलांडून आला आणि खालीच उभा राहिला.

“बाई, घर कोरडं राहिलं. तिनेच सांगून यायला पाठवलं.”

“आत या ना. चहा टाकते.”

“नको, ती एकटी आहे.”

मागून गाडीने हॉर्न दिला. तो बाजूला सरला, हात जोडले आणि लगबगीने परत गेला.

बाई चौकटीला धरून उभ्या राहिल्या. खाली गटारावरच्या लाद्यांच्या आतून पाणी खळाळत चाललं होतं. ते ओसरेपर्यंत त्या ऐकत राहिल्या. मग आत जाऊन त्यांनी एक कप चहा टाकला.